जुन्या फोटोंमधलं गिरगाव, दादर, परळ : रोजचं जगणं बघायचं असेल तर फोटोचे कोपरे बघा

‘जुनी मुंबई’ नावाचा एक फॉरवर्ड दर महिन्या-दोन महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर येतोच. दहा-बारा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, मागे एखादं जुनं गाणं आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, “किती शांत होती आपली मुंबई!”

रस्ता रिकामा, फूटपाथ रिकामा, लांबवर एखादी घोडागाडी. बघून खरंच हेवा वाटतो.

पण गंमत अशी आहे की ही शांतता बऱ्याचदा मुंबईची नसते, कॅमेऱ्याची असते.

१८५०-६० च्या दशकात फोटो काचेच्या प्लेटवर निघायचे. प्लेटवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि काही सेकंद लेन्स उघडी ठेवायची. तेवढ्या वेळात जे हललं ते फोटोतून एकतर गायब झालं, नाहीतर धुरासारखं पुसट झालं. इमारत हलत नाही, म्हणून इमारत आली. चालणारी माणसं, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, रस्ता ओलांडणारी बाई यातलं काहीच आलं नाही. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. एवढी माणसं असलेलं शहर फोटोत ओसाड दिसतं, ते या काही सेकंदांमुळे. १८८० नंतर कोरड्या प्लेट आल्या, फोटो झटकन निघायला लागले आणि मुंबईच्या रस्त्यांवर एकदम गर्दी ‘झाली’.

म्हणजे जुन्या फोटोत काय दिसतं याच्या आधी तो कसा निघाला, कुणी काढला आणि कशासाठी काढला हे बघावं लागतं. आणि इथेच खरी अडचण आहे. गिरगावातल्या वाडीत सकाळी पाणी कसं भरायचे किंवा लालबागच्या खोलीत दहा माणसं कशी झोपायची, याचा फोटो काढायला कुणीच जात नव्हतं. साहेबाला इमारती हव्या होत्या, सरकारला अहवाल हवा होता, कंपनीला आपली ट्राम दाखवायची होती. साधी माणसं त्या फोटोंच्या कडेला, चुकून आली. त्यांना शोधायचं तर तिथेच शोधावं लागतं.

माणसं स्टुडिओतली, मुंबई चिकटवलेली

मुंबईत कॅमेरा तसा लवकर आला. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे त्या काळात हौसेने आणि चांगले फोटो काढणाऱ्यांपैकी होते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्याच सुमाराला विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर मुंबईत काम करत होता. १८६३ आणि १८६६ मध्ये त्याने दोन खंडांचं पुस्तक काढलं. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या वेगवेगळ्या जातीजमातींची ओळख, असा त्याचा विषय. आपापल्या पोशाखातली माणसं आणि मागे मुंबईतली एखादी ओळखीची जागा. आजही हे फोटो ‘१५० वर्षांपूर्वीचे मुंबईकर’ म्हणून फिरतात.

फक्त त्यातली बरीच माणसं त्या जागी कधी उभीच राहिलेली नाहीत. माणसांचा फोटो वेगळा काढला, जागेचा वेगळा आणि मग दोन्ही जोडले. आजच्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंड बदललं. १८६० च्या दशकात!

त्यामुळे या फोटोंतून जगणं कळत नाही. कपडे, दागिने, पगडी बांधायची पद्धत मात्र छान कळते. तेवढ्यासाठी ते मोलाचेच आहेत.

प्लेगने उघडलेली दारं

चाळीच्या आत, खोलीच्या दारापर्यंत कॅमेरा पोचला तो एका साथीमुळे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहर हादरलं. माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. एवढ्या गिरण्या सुरू असलेल्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, यावरून काय झालं असेल याचा अंदाज येतो.

सरकारने प्लेग कमिटी नेमली आणि तिच्या कामाचे फोटो काढून घेतले. त्यात क्लिफ्टन अँड कंपनी या मुंबईतल्या स्टुडिओचं आणि कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याचं नाव येतं. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये या साथीचे बरेच फोटो आहेत आणि ते ऑनलाइन कुणालाही बघता येतात.

फोटो काढण्यामागचा हेतू सरळ होता. आम्ही किती काम केलं ते दाखवायचं. घरोघरी तपासणी करणारी पथकं, पंपाने पाणी मारून घरं धुणारे कामगार, चुना लावलेल्या भिंती, तात्पुरत्या इस्पितळात ओळीने मांडलेल्या खाटा. अधिकारी मधोमध, ताठ.

आता अधिकाऱ्यावरून नजर काढा आणि बाजूला बघा.

घर तपासायला आलेल्यांच्या मागे घरातली माणसं उभी असतात. रस्त्यावर बाहेर काढून ठेवलेला संसार असतो. इस्पितळाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेली नातेवाईक बाई असते. अंधाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांची दारं असतात. एरवी या घरांत फोटोग्राफर कशाला गेला असता? जबरदस्तीने शिरलेल्या पथकाबरोबर कॅमेराही आत शिरला. म्हणून सामान्य मुंबईकराच्या घराचे जे सुरुवातीचे फोटो आपल्याकडे आहेत, त्यातले कितीतरी त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचे आहेत. फोटोतल्या कुणाचीही परवानगी घेतलेली नाही, जवळपास कुणाचंही नाव लिहिलेलं नाही.

परळचा याच्याशी थेट संबंध आहे. तिथलं जुनं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे गव्हर्नरचा बंगला, प्लेगच्या काळात इस्पितळ झालं. १८९९ मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच.

साथीनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणं, कामगारांसाठी चाळी बांधणं, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखणं, ही कामं त्यातून झाली. दादरचे सरळ रस्ते आणि हिंदू कॉलनीच्या आखीव गल्ल्या आवडत असतील, तर त्यांची सुरुवात प्लेगच्या त्या फोटोंमध्ये दिसते.

फोटो कधीचा आहे, कसं ओळखायचं?

फॉरवर्डमध्ये “१९०० सालचं गिरगाव” असं बिनधास्त लिहिलेलं असतं. खरं-खोटं बघायला काही सोप्या खुणा आहेत.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ट्राम. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला. त्यामुळे रस्त्यावर ट्रामची तार लोंबताना दिसली तर फोटो १९०० चा असूच शकत नाही. डबलडेकर ट्राम असेल तर १९२० किंवा त्यानंतरचा. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, त्यामुळे त्यानंतरचा तर नाहीच. जाता जाता, आपण ज्याला दादर टीटी म्हणतो त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला सांगताना आपण तिचंच नाव घेतो.

दुसरी खूण समुद्र. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत मरीन लाइन्स ते चर्नी रोड हा रेल्वेचा पट्टा जवळजवळ पाण्याच्या काठाने जातो. मधे भराव नाही, क्वीन्स नेकलेस नाही. अर्धगोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग दिसली की समजायचं, आपण १९३० च्या पुढे आलो.

दादरला शिवाजी पार्क आहे. महापालिकेने हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क या नावाने खुलं केलं. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. महाराजांचा अश्वारूढ पुतळा मात्र १९६६ चा. त्यामुळे पुतळ्याची जागा रिकामी असेल तर फोटो त्याआधीचा. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा १९३३ मध्ये आला. पोर्तुगीज चर्चची आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात बांधली, त्यामुळे जुन्या फोटोतलं चर्च वेगळंच दिसतं. ते बघून “हे दादर नाहीच” म्हणून भांडणारेही भेटतात.

आणि डोकी बघा. १९०० च्या आसपासच्या मुंबईच्या फोटोत उघड्या डोक्याचा मोठा माणूस शोधून सापडायचा नाही. पगडी, फेटा, पारशी टोपी, मुंडासं. कोण कोणत्या समाजाचा हे डोक्यावरून कळायचं. १९२० नंतर गर्दीत पांढऱ्या गांधी टोप्या वाढत जातात. स्वातंत्र्यानंतर हळूहळू टोप्याच जातात. बायकांच्या बाबतीत नऊवारीकडून गोल साडीकडे हाच प्रवास दिसतो. फक्त तो घराघरात वेगवेगळ्या वेळी झाला. एकाच फोटोत सासू नऊवारीत आणि सून गोल साडीत, हे अनेक वर्षं नेहमीचं दृश्य होतं.

एक सावधगिरी. फोटो रंगीत करून फिरवायची आता फॅशन आहे. त्यातले साडीचे, भिंतीचे रंग संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. त्यावरून “तेव्हा ट्राम या रंगाची होती” असं काही ठरवू नका.

गर्दीतली माणसं

चौपाटीचे सगळ्यात गाजलेले जुने फोटो भेळपुरीचे नाहीत. १ ऑगस्ट १९२० ला सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि त्यांच्यावर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथून उत्तरेला दादर चौपाटी. ७ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा हिंदू कॉलनीतल्या राजगृहापासून निघून तिथे पोचली. आज तिथे चैत्यभूमी आहे.

या दोन्ही दिवसांचे फोटो प्रत्येकाने पाहिलेले असतात, पण बघताना नजर मधे खिळते. पुन्हा बघाल तेव्हा गच्च्या, गॅलऱ्या, झाडं बघा. कामावरचा दिवस टाकून कोण आलंय, पायात काय आहे, बायका किती आहेत, मुलं कुणाच्या खांद्यावर आहेत. नेत्याची बातमी पेपरात छापून आली. त्या गर्दीची नोंद कुठे असेल तर ती या फोटोंत आहे.

या दोन तारखांच्या मधे एक विलक्षण अल्बम येतो. १९३०-३१ च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर काढलेले २०० हून जास्त फोटो. के. एल. नर्सी हे नाव असलेला हा अल्बम आता अल्काझी फाउंडेशनच्या संग्रहात आहे. यात पुढाऱ्यांइतक्याच, किंबहुना जास्तच, साध्या बायका दिसतात. मोर्चात चालणाऱ्या, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनं करणाऱ्या. ज्यांना आधीच्या फोटोंत रस्त्यावर शोधावं लागतं त्या इथे रस्त्याच्या मधोमध आहेत. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली चिरडला गेलेला बाबू गेनू हा गिरणी कामगारही याच दिवसांतला.

कॅमेरा धरणारे हातही याच काळात बदलले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईत आपल्या मैत्रिणी, कॉलेजातल्या मुली, शहरातले प्रसंग टिपले. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापून यायचे. पुढे देशाच्या पहिल्या महिला छायापत्रकार म्हणून त्या ओळखल्या गेल्या. पण त्यांचे मुंबईचे हे सुरुवातीचे फोटो दिल्लीतल्या नेहरू-माउंटबॅटन फोटोंच्या मागे राहून गेले. खरं तर बघण्यासारखे तेच जास्त आहेत.

गिरणगावाचा फोटो कुठे आहे?

सगळ्यात मोठी पोकळी इथे आहे.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. एवढी माणसं, एवढी वर्षं. फोटो किती? भोंगे वाजवणाऱ्या चिमण्यांचे पुष्कळ. यंत्रांचे आहेत. गेटवरच्या सभांचे, मोर्चांचे आहेत. खोलीतल्या जगण्याचे मात्र फारच थोडे.

ते जगणं कसं होतं हे आपल्याला माहीत आहे, पण ते ऐकून आणि वाचून. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले बापये एका गाळ्यात दाटीवाटीने राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. बायकामुलं गावी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. घरातल्या घरात पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक रांधणाऱ्या या बायकांनी गिरणगाव पोसलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे सरकार आणि बँकांच्या लेखी त्या कामकरी बायका ठरल्या. तोपर्यंत त्या कुणाच्या कागदावर नव्हत्या, फोटोत तर नाहीतच.

नारायण सुर्व्यांच्या कवितेने यातलं बरंच टिपलं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकलेला इतिहास २००४ मध्ये पुस्तकात आणला. कॅमेऱ्याने सोडलेली जागा अशी शब्दांनी भरली.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो आहे गणपतीचा. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्ली १९२८ ची, लालबागचा राजा १९३४ चा. मंडळं दरवर्षी मूर्तीचा फोटो काढून ठेवायची. त्यामुळे लालबागच्या राजाचे जुने फोटो ओळीने लावले तर कळतं की आजचं ठरलेलं रूप सुरुवातीला नव्हतं, मूर्ती वर्षागणिक बदलायची. आणि मूर्तीच्या आजूबाजूला पडदे, दिव्यांच्या माळा, वर्गणी काढणारी पोरं, त्यांचे शर्ट, त्यांचे केस. एकाच जागेचा, दरवर्षी न चुकता काढलेला फोटो. गिरणगावाकडे त्याच्या जगण्याची सलग नोंद म्हणावी अशी दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

पत्र्याच्या ट्रंकेतली मुंबई

राहिलेली मुंबई सरकारी संग्रहात नाही, ती घरोघरच्या ट्रंकेत आहे.

आधी स्टुडिओतले फोटो. मागे रंगवलेला पडदा, बाजूला स्टूल, त्यावर फुलदाणी, नवरा खुर्चीत आणि बायको उभी. असा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो आणि खाली स्टुडिओचं नाव उमटवलेलं असतं. ते नाव म्हणजे पत्ता आणि काळ शोधायचा धागा. फ्रेम बदलताना तो पुठ्ठा टाकून दिला तर धागाही गेला.

मग १९६०-७० च्या दशकांत आला आगफाचा क्लिक थ्री. बडोद्यात बनणारा, वापरायला अगदी सोपा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. तुमच्या घरात पांढऱ्या किनारीचे छोटे चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतील, तर ते अशाच कॅमेऱ्यातले असण्याची दाट शक्यता आहे. पण रोलमध्ये फोटो बाराच, वर धुण्याचा खर्च. त्यामुळे कॅमेरा निघायचा तो बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला, नाहीतर राणीच्या बागेत गेल्यावर. मंगळवारी सकाळी नळावर भांडी घासणाऱ्या आईचा फोटो कोण काढणार? पाण्याचं पिंप, गॅलरीच्या दोरीवरचे कपडे, भिंतीवरचं कालनिर्णय, कोपऱ्यातली मोरी हे सगळं आलं ते बारशाच्या फोटोत, मागे.

आता ही मागची भिंतच जातेय. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ बीडीडी चाळी बांधल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या चाळी १९३० च्या आंदोलनात तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापरल्या गेल्या. आता त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना मोठं घर मिळणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त सामान हलवताना पहिल्यांदा काय टाकलं जातं, तर जुने अल्बम, तुटक्या फ्रेमा आणि गंजलेली ट्रंक.

त्यामुळे तुमच्या घरी असे फोटो असतील तर काही गोष्टी लगेच करता येतात. दिवसा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाईलने प्रत्येक फोटोची कॉपी काढा. फोटोची मागची बाजूही, कारण तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तो आहे तसाच पानासकट टिपा. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. नावं लिहायची तर मागच्या बाजूला कडेला, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढून उमटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटोची क्वालिटी उतरते, म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर ठेवा. २०१० मध्ये सुरू झालेलं इंडियन मेमरी प्रोजेक्ट हे संकेतस्थळ तर घरगुती फोटो आणि त्यामागच्या कहाण्याच जमवतं, ते एकदा बघा.

आणि फोटो आजीपुढे ठेवाल तेव्हा मधल्या नवरा-नवरीबद्दल विचारू नका, ते सगळ्यांना माहीत असतात. दारात अर्धीच आलेली बाई कोण, गॅलरीतून वाकून बघणारा मुलगा कुणाचा, मागचा पाण्याचा ड्रम आपला की शेजारच्यांचा, हे विचारा. आणि ती बोलायला लागली की मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा.